पहिली आली, पण किती सेकंदांत?

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सेकंदाच्या शंभराव्या भागाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. लांडेवाडीच्या घाटावर बैलगाड्याची बारी सुटली की सगळ्यांचे कान भोंग्याकडे लागतात आणि दोन-चार शतांशांच्या फरकाने घाटाचा राजा ठरतो. 'बैल चांगला पळतो' एवढ्यावर तिथे कुणाचं समाधान होत नाही. किती सेकंदांत पळाला, हे लगेच विचारलं जातं. घरातली मुलगी मात्र तालुक्याच्या स्पर्धेत शंभर मीटरला पहिली आली की चषकासोबतचा फोटो स्टेटसला लागतो, शाळेत सत्कार होतो आणि तिची वेळ कुणी विचारतच नाही.

तिला या खेळात पुढे जाऊ द्यायचं का, याचं उत्तर त्या वेळेत आहे. पहिला नंबर सोबत कोण धावलं त्यावर ठरतो, घड्याळाला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

काही आकडे बघा. पुण्याच्या अवंतिका नराळेने 2019 साली हाँगकाँगला आशियाई युवा स्पर्धेत 100 मीटरचं सुवर्ण जिंकलं ते 11.97 सेकंदांत. साताऱ्याच्या सुदेष्णा शिवणकरने 2022 मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत 100 मीटर, 200 मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णं मिळवली, त्यात 100 मीटरची वेळ होती 11.79. फेब्रुवारी 2025 मध्ये डेहराडूनच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिनेच महाराष्ट्रासाठी 100 मीटर जिंकली, वेळ 11.76. या दोन सुवर्णांच्या मध्ये पावणेतीन वर्षांचा घाम आहे आणि घड्याळावर फरक आहे 0.03 सेकंदाचा. 'दोन वर्षं झाली, प्रगती कुठे दिसते?' असं प्रशिक्षकाला विचारण्याआधी पालकांनी हा आकडा आठवावा. द्युती चंदने 2021 मध्ये केलेला राष्ट्रीय विक्रम 11.17 आहे. राज्याच्या, देशाच्या आणि त्याही वरच्या पायरीत एवढंच अंतर असतं, आणि ते कापायला उमेदीची वर्षं लागतात.

आता शाळेतल्या वेळेबद्दल. सर शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच धरून उभे असतात. तिथून शंभर मीटर लांब, सुरुवातीच्या रेषेवर, दुसरे सर शिट्टी वाजवतात. शिट्टी ऐकून पहिल्या सरांचा अंगठा दाबला जाईपर्यंत मुलगी ब्लॉकमधून सुटलेली असते. शेवटी मात्र ती रेषेकडे येताना समोर दिसत असते, त्यामुळे अंगठा बरोबर वेळेवर किंवा थोडा आधीच दाबला जातो. म्हणजे दोन्हीकडून वेळ कमी भरते. म्हणूनच हाताने घेतलेल्या 100 मीटरच्या वेळेत 0.24 सेकंद मिळवून ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघायची पद्धत आहे. शाळेच्या घड्याळावरचे 12.6 हे प्रत्यक्षात 12.84 धरावेत. त्यातही मैदान अंदाजाने आखलेलं, उतार किती ते कुणी पाहिलेलं नाही, वारा पाठीवर. यात सरांचा दोष नाही, साधनाची मर्यादा आहे. म्हणून वर्षातून दोन-तीनदा तरी मुलांना भोसरीच्या इंद्रायणीनगरात किंवा बालेवाडीला सिंथेटिक ट्रॅकवर, इलेक्ट्रॉनिक वेळ घेणाऱ्या स्पर्धेत उतरवा. चाकणची कोंडी धरून सगळा दिवस मोडतो, हे खरं आहे. तरीही गावातल्या दहा चषकांपेक्षा त्या एका दिवसातून जास्त कळतं.

बारा-तेराव्या वर्षी जिंकणारं मूल पुढेही जिंकेलच असं नाही, हे पालकांना पटवणं सगळ्यात अवघड. या वयात ज्याची उंची आधी वाढते तो पुढे निघतो. दोन वर्षांनी बाकीची मुलं वाढतात आणि हा मागे पडतो. मुलींच्या बाबतीत वयात येताना शरीर बदलतं, वेळ वर्षभर जिथल्या तिथे राहते, कधी वाढतेही. नेमक्या तेव्हा घरात 'आता बास, दहावी आहे' सुरू होतं. माझं स्पष्ट मत आहे, या वर्षी खेळ सोडायचा नसतो. त्याहून लहान वयाचं म्हणाल, तर ॲथलेटिक्स महासंघाच्या आंतरजिल्हा ज्युनिअर स्पर्धेत 14 वर्षांखालच्या मुलांसाठी धावणं, उडी, फेक असे प्रकार एकत्र करून गुण दिले जातात. या वयात एकाच शर्यतीला जुंपू नये, असाच त्याचा अर्थ.

उशीर झाला म्हणून निराश होणाऱ्यांनी अनिमेष कुजूरकडे बघावं. छत्तीसगडच्या आदिवासी भागातला, सैनिक शाळेत शिकलेला, फुटबॉल खेळणारा हा मुलगा. तो ॲथलेटिक्सकडे नीट वळला ते अठराव्या वर्षाच्या आसपास. मे 2025 मध्ये गुमीच्या आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत त्याने 200 मीटरचं कांस्य जिंकलं आणि जुलै 2025 मध्ये ग्रीसमध्ये 100 मीटर 10.18 सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. भीमाशंकरच्या आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या आश्रमशाळांमध्ये अशी मुलं असणार, असं मला मनापासून वाटतं. सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावरच्या दिलीप गावितने लहानपणी एक हात गमावला, आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 400 मीटरचं सुवर्ण घेतलं. घरात एखाद्या मुलाला शारीरिक व्यंग असेल आणि पायात वेग असेल, तर पॅरा ॲथलेटिक्सची चौकशी आजच करा. ही वाट अजून फार थोड्या घरांना माहीत आहे.

पोटापाण्याचं काय? पालकांच्या मनात सगळ्यात आधी हेच येतं, आणि ते यायलाच हवं. धावपटूची उमेदीची वर्षं विशीत असतात, तिशीनंतर फार थोडे टिकतात. म्हणून शिक्षण थांबवून धावायला लावणं मला मान्य नाही. पण धावल्याने नुकसान होतं हेही खरं नाही. पोलीस भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. त्यातले 15 गुण 100 मीटरचे. मुलांनी 11.50 सेकंदांच्या आत आणि मुलींनी 14 सेकंदांच्या आत धाव पूर्ण केली तर पूर्ण गुण. मंचर, घोडेगाव, ओतूरच्या रस्त्यांवर पहाटे घाम गाळणारी बहुतेक मुलं लांब पल्ल्याचीच तयारी करतात आणि शंभर मीटरचे गुण हकनाक घालवतात. सुटण्याचं तंत्र आठ-दहा आठवडे नीट शिकलं तर तिथे फरक पडतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि सैन्यदलांत खेळाडूंची वेगळी भरती होते, पुण्यातच आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. खेलो इंडियासाठी निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला 10,000 रुपये भत्ता मिळतो. साताऱ्याच्या ललिता बाबरचा पल्ला लांबचा, स्टीपलचेसचा. रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावलेली ही मुलगी पुढे महसूल खात्यात अधिकारी झाली. मात्र यातलं काहीही तालुक्याच्या चषकावर मिळत नाही. राज्य आणि राष्ट्रीय पातळीची प्रमाणपत्रं लागतात आणि क्रीडा विभागाकडून त्यांची पडताळणी होते. दरवर्षीचं प्रमाणपत्र आणि निकालपत्रक एका फाईलमध्ये जपून ठेवा.

जे धावपटू होणार नाहीत त्यांनाही या मैदानात जागा आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम, फिजिओथेरपी. वेग समजणारा शिक्षक गावाला मिळाला तर पुढच्या दहा मुलांची सोय होते.

सराव कुठे आणि कसा? वेगाच्या सरावाला रोज दहा किलोमीटर लागत नाहीत. आठवड्यात तीन-चार दिवस, 30 ते 60 मीटरच्या जोरकस धावा, प्रत्येक धावेनंतर चांगली तीन-चार मिनिटं विश्रांती. 'नुसता बसून राहतो' असं वाटेल, पण त्या विश्रांतीशिवाय पुढची धाव पूर्ण वेगात होत नाही. डांबरी रस्ता टाळा, माती किंवा गवत बरं. आणि कृपा करून पोरांना पहाटे अंधारात उसाच्या कडेने पळायला पाठवू नका. जुन्नर वनविभागात बिबट्याची भीती काय असते हे तुम्हाला सांगायला नको. उजाडल्यावर किंवा शाळा सुटल्यावर सरांच्या देखत सराव होऊ दे. वेगासाठी संध्याकाळ उलट चांगली, अंग मोकळं झालेलं असतं.

खाण्यात दूध, अंडी, कडधान्यं, शेंगदाणे, भाकरी असली की पुष्कळ झालं. मुलींचं हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या. 'आळशी झाली' म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलीचं रक्त कमी निघू शकतं. जिममधल्या कुणी दिलेली पावडर किंवा इंजेक्शन मात्र घराच्या उंबऱ्याआत येऊ देऊ नका. डोपिंगमध्ये सापडलं की चार वर्षांपर्यंत बंदी येते, आणि धावपटूच्या आयुष्यात चार वर्षं म्हणजे जवळपास सगळं करिअर.

शाळेची तालुका स्पर्धा जवळ आली असेल तर मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधली तारीख एकमेकांशी जुळते का ते आत्ता बघा. शाळेत घालताना वय अदमासाने लिहिलेलं असतं, अशी घरं अजून आहेत. वरच्या स्पर्धांमध्ये हाडांची तपासणी करून वय पडताळतात आणि तिथे तफावत निघाली की मुलाला घरी पाठवतात. दुरुस्तीला ग्रामपंचायत आणि शाळा दोन्हीकडे अर्ज द्यावे लागतात, दोन-तीन महिने सहज जातात.