केंड माशातील विष व समुद्रातील जीवाणू

कोकणच्या किनाऱ्यावर जाळ्यात येणारा केंड मासा मच्छीमारांच्या चांगला परिचयाचा आहे. डिवचला असता तो पोट फुगवितो व बळकट दातांनी जाळी तोडतो. त्याच्या अनेक जातींत, विशेषतः यकृतात व गाभोळीत, टेट्रोडोटॉक्सिन नावाचे जहाल विष असते.

इ. स. १७७४ मध्ये कॅप्टन कुक याने न्यू कॅलेडोनिया बेटावर असल्या माशाच्या यकृताची केवळ चव घेतली, तरी त्याचे हातपाय बधिर झाले. त्या माशाची आतडी खाल्लेले डुक्कर सकाळी मेलेले आढळले.

हे विष मासा स्वतः तयार करीत नाही, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. समुद्रातील काही जीवाणू ते निर्माण करतात, असे १९८६ मध्ये जपानी संशोधकांना आढळले. हे जीवाणू असलेले लहान जलचर मासा खातो व विष त्याच्या अंगात साठते. निर्विष खाद्यावर बंदिस्त वाढविलेले केंड निर्विष निघतात, ही गोष्ट याला पुष्टी देते. हरभऱ्याला हवेतील नत्र मिळते ते मुळांवरील गाठींतल्या जीवाणूंमुळे. तसाच हा प्रकार होय.

हे विष मज्जातंतूंचे संदेश स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. प्रथम ओठ व जीभ बधिर होते, मग ओकाऱ्या होतात, हातपाय लुळे पडतात व शेवटी श्वास थांबतो. बांगलादेशात २००८ मध्ये किनाऱ्यापासून दूरच्या गावांतही केंड खाऊन माणसे दगावली.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी लोकांच्या मनावर बिंबवाव्यात :

(१) केंड खाऊ नये. शिजविल्याने वा तळल्याने विष नष्ट होत नाही. खारविलेला अथवा सुकविलेला केंडही निर्धोक समजू नये.

(२) त्याची आतडी, यकृत व गाभोळी कोंबड्या, डुकरे वा कुत्री यांच्यापुढे टाकू नये. खोल खड्ड्यात पुरावी.

(३) खाल्ल्यानंतर ओठ बधिर झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. श्वास थांबल्यास वाटेतही कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवावा.

या विषावर उतारा उपलब्ध नाही. तथापि श्वास चालू ठेवता आला, तर विषाचा अंमल ओसरतो व रोगी बहुधा वाचतो. म्हणून येथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.