पोपटीचा धूर आणि कच्ची कोंबडी

थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या करावे गावात पोपटीचे बेत ठरू लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी. तोंड पाल्यानेच बंद करून मडके उपडे ठेवायचे व भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. चवीबद्दल तक्रार नाही. आमंत्रणाची वाट मीही पाहतो. परंतु याच दिवसांत दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, चांगली धुरावर भाजली होती हो!"

वाचकहो, धुराने वास येतो, रंग येतो. मांस शिजते ते उष्णतेने. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. ते मरण्यासाठी मांसाच्या आत, हाडापाशी, ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचावी लागते. मडक्यावर पाणी शिंपडले, चर्र झाले, म्हणजे मडके तापले. कोंबडीच्या पोटातले त्यावरून कळत नाही. रंगावरही जाऊ नये. बाहेरून काळपट झालेला तुकडा आत कच्चा असतो, तर धुरामुळे शिजलेले मांसही कधी गुलाबी दिसते. म्हणून तुकडे लहान करावेत, अख्खी कोंबडी भरू नये. जाडसर तुकडा हाडापर्यंत फाडून पाहावा. लालसर पाणी निघाले तर सरळ पातेल्यात घालून गॅसवर शिजवावा. त्यात कमीपणा कसला?

धुराने पदार्थ टिकतो हा दुसरा समज. आपली सुकट, बोंबील टिकतात ते ऊन, वारा आणि मीठ यांनी पाणी आटल्यामुळे. (ते मीठ रक्तदाबाच्या रुग्णाला बाधते; खारे मासे भिजवून, पाणी टाकून घ्यावेत आणि तेही बेताने.) घरी धुरी दिलेले चिकन वा बांगडा ओलाच असतो. दोन तासांच्या आत खावा किंवा फ्रीजमध्ये ठेवावा. बांगडा मुळात बर्फाविना पडून राहिलेला असेल तर त्यात हिस्टामीन तयार होते. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते. हे द्रव्य शिजवून वा धुरावून जात नाही.

जाळाला रंगवलेले प्लायवूड, प्लास्टिक, टायर घालू नयेत. तो विषारी धूर अन्नात आणि छातीत, दोन्हीकडे जातो. दमेकऱ्याने जाळापासून लांबच बसावे.

सर्वांत मोठे भय मात्र न दिसणारे आहे. इमारतीत राहणारे काहीजण काचा लावलेल्या गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवतात. लाल निखारे धूर देत नाहीत म्हणून निर्धोक वाटतात, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखू लागते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. शेगडी उघड्यावरच पेटवावी आणि विझत आली म्हणून घरात आणू नये. कुणाला गुंगी आली तर आधी मोकळ्या हवेत काढावे, मग लगेच रुग्णालय.

जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडेथोडे पाजत राहावे. जुलाबात रक्त दिसले, ताप चढला, लघवी कमी झाली, किंवा रुग्ण लहान मूल, म्हातारे माणूस वा गरोदर बाई असेल, तर सकाळची वाट पाहू नये.