वाघ-ठिपक्यांचं ऑर्किड अंगणात

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचं घर आहे. टायगर ऑर्किडचं रोप मिळालंय. ते अंगणात वाढेल का?

उत्तर : नक्की वाढेल. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात 1861 साली लावलेलं टायगर ऑर्किड उघड्यावरच वाढलं. जागा मात्र कायमची ठरवा, कारण मोठं झाल्यावर ते हलवता येत नाही. भरपूर ऊन हवं. दाट सावलीत नुसती पानं वाढतात. माती नको. विटांचे तुकडे, कोळसा, नारळाची सोडणं यांचा उंचवटा करा, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. पांढरी टोकदार मुळं वर उभी राहतील, ती कापू नका! गळलेला पाचोळा त्यांतच अडकतो आणि झाडाचं खत होतो. पिवळ्या, तपकिरी ठिपक्यांच्या फुलांचा दांडा दोन मीटरपर्यंत जातो. त्यासाठी काही वर्षं थांबावं लागेल.