वेग आणि हुकमत

चि. बाळ यास,

तुझे सविस्तर पत्र पावले. व्यावसायिक बेसबॉल क्लबाकडून करारनाम्याचा प्रस्ताव येण्याचा संभव आहे आणि त्यामुळे महाविद्यालयात प्रवेश घ्यावा की थेट खेळाच्या चाकरीत रुजू व्हावे असा पेच पडला आहे, हे वाचून तुझ्या मेहनतीचा अभिमान वाटला; परंतु आपल्या चेंडूचा वेग ताशी किती मैलांनी वाढला हे तू ज्या उत्साहाने पुनःपुन्हा लिहिले आहेस, त्या मानाने तो चेंडू योजिलेल्या जागी कितीदा पडतो याविषयी त्यात एक ओळही नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबवीत आहे. वेग पिचरला मोठ्या मैदानाच्या दरवाजापर्यंत नेतो. त्याची कारकीर्द मात्र उभी राहते ती चेंडूवरील हुकमतीवर आणि स्वतःच्या हाताविषयीच्या विवेकावर. या मताला सँडी कोफॅक्सच्या चरित्राहून बलवत्तर पुरावा माझ्यापाशी नाही.

ब्रुकलिनचा हा डावखुरा तरुण सिनसिनाटी विद्यापीठात शिकून आला होता, तोच १९५४ च्या डिसेंबरात ब्रुकलिन डॉजर्सने १४,००० डॉलरांचा बोनस देऊन त्याला करारबद्ध केले. खेळाच्या त्या काळच्या नियमान्वये चार हजारांहून अधिक बोनस घेणाऱ्या नवख्या खेळाडूस दोन वर्षे मुख्य संघातच ठेवणे क्लबास भाग होते; परिणामी मायनर लीगमध्ये चुकत-माकत शिकण्याची जी उमेदवारी इतरांच्या वाट्याला येत असे तिला तो मुकला, नामांकितांच्या पंक्तीत बहुधा बसूनच राहिला, आणि क्वचित संधी मिळाली की एका चेंडूत सर्व काही सिद्ध करण्याच्या आकांक्षेने सारे बळ पणाला लावून स्वैर फेकी करीत राहिला. पहिल्या सहा हंगामांत त्याच्या नावावर ३६ विजय आणि ४० पराभव जमा झाले, आणि १९६० अखेर खेळच सोडून द्यावा असे त्याच्या मनाने घेतले. म्हणून बोनसची रक्कम पाहण्यापूर्वी, तेथे मला कोण शिकवील आणि शिकण्यास किती अवसर देईल, हा प्रश्न विचार.

१९६१ च्या वसंतातील एका सराव-सामन्यात कॅचर नॉर्म शेरीने त्याला सुचविले, की जोर थोडा आवर आणि फलंदाजाला चेंडू मारू दे. त्याने ते ऐकले, आणि त्याच्या ध्यानात आले की जोर कमी केला तरी वेग फारसा घटत नाही, उलट चेंडू आज्ञेत राहतो. यात चमत्कार काही नाही. अतिरिक्त जोराने खांदा आणि मान आखडली की चेंडू हातून सुटण्याचा बिंदू दर वेळी बदलतो, आणि साठ फूट सहा इंचांच्या अंतरात बोटांपाशी झालेला केसभर फरक प्लेटपाशी वीतभर होतो. त्या वर्षी त्याने १८ सामने जिंकले आणि २६९ फलंदाजांना स्ट्राइकआउट करून क्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ पासूनचा नॅशनल लीगमधील विक्रम मोडला. पुढे १९६२ ते १९६५ या चारही वर्षी प्रतिपक्षाला एकही हिट न देणारा एकेक सामना त्याने खेळला, आणि त्यांतील शेवटच्या, ९ सप्टेंबर १९६५ च्या सामन्यात शिकागो कब्जच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना क्रमाने बाद केले. अस्त्रे मुख्यतः दोनच होती, फास्टबॉल आणि कर्व्हबॉल. तू दर महिन्यास नवा चेंडू शिकण्याच्या मागे आहेस. त्याऐवजी आहेत ते दोन आज्ञेत आण.

आता हाताविषयी. कोफॅक्सच्या डाव्या कोपरास संधिवाताने ग्रासले असता, इंजेक्शने, वेदनाशामक गोळ्या आणि सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बुडविलेला हात अशा अवस्थेत तो १९६५ आणि १९६६ या दोन्ही वर्षी तीनशेहून अधिक डाव खेळला. दुसऱ्या वर्षी २७ सामने जिंकून, त्याच नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, उर्वरित आयुष्यासाठी हात कामाचा राहावा म्हणून तो निवृत्त झाला. त्या निर्णयातील धैर्य मला त्याच्या सर्व विक्रमांहून थोर वाटते; परंतु त्यापूर्वीची सहनशीलता तू अनुकरणीय मानू नयेस. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनच्या उजव्या हातातील स्नायुरज्जू काढून डाव्या कोपरात बसविली आणि त्यानंतर तो १६४ सामने जिंकला, हे खरे. पण त्यावरून शस्त्रक्रियेने हात अधिक बलवान होतो असा जो समज तुझ्या वयाच्या मुलांत पसरला आहे तो साफ खोटा आहे. शस्त्रक्रिया फार तर गेलेले परत देते, आणि त्यासाठी वर्षभराहून अधिक काळ घेते. हात हे तुझे मुद्दल आहे. व्याजावर संसार चालव. कोपर दुखले तर त्याच दिवशी प्रशिक्षकास सांग, आणि वर्षातून चार महिने चेंडू फेकणे बंद ठेव.

कोफॅक्सने १९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना योम किपूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी आला म्हणून खेळला नाही, आणि तोच पुढे अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर सातवा, निर्णायक सामना २–० असा जिंकून देता झाला. पुढच्या वर्षी वेतनासाठी तो आणि त्याचा सहकारी पिचर डॉन ड्रायस्डेल एकत्रितपणे क्लबासमोर अडून बसले. क्लबाची चाकरी करावी, पण आपल्या श्रद्धेचा आणि आपल्या श्रमाच्या मोलाचा हवाला कोणाच्याही हाती देऊ नये, एवढे यातून घे.

माझा सल्ला विचारशील तर महाविद्यालयाची वाट धर. तेथील तीन वर्षांनी हात परिपक्व होईल आणि क्लबाचे दरवाजे बंद होणार नाहीत. तरीही सही करण्याचे ठरलेच, तर पुढील शिक्षणाचा खर्च क्लबाने सोसावा हे कलम करारात लेखी घालून घे, आणि मसुदा वकिलाच्या नजरेखालून गेल्याखेरीज लेखणी उचलू नकोस. निर्णय तुझा आहे. जो घेशील त्याच्या पाठीशी मी उभा राहीन. पुढील पत्रात वेगाचा आकडा कळविला नाहीस तरी चालेल. शंभर चेंडूंपैकी किती योजिल्या जागी पडले, ते अवश्य कळव.



तुझा,
मामा