वैद्यकीय साधनांवरील हायड्रोजेल लेप : टिकाऊपणाचे अर्थकारण

रुग्णालयातील साधी वस्तूही मोठ्या खर्चास कारण ठरू शकते. मूत्र बाहेर काढण्यासाठी बसविला जाणारा कॅथेटर हे त्याचे ठळक उदाहरण होय. तो शरीरात असेपर्यंत मूत्रात जीवाणूंचा शिरकाव होण्याचा धोका प्रत्येक दिवशी साधारणतः ३ ते ७ टक्के असतो.

संसर्गाची प्रक्रिया

शरीरातील द्रवाचा स्पर्श होताच नळीच्या पृष्ठभागावर प्रथिने साचू लागतात. त्यांवर जीवाणू चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण निर्माण करतात. यालाच जैवपटल म्हणतात. त्यातील जीवाणूंवर प्रतिजैविकांचा प्रभाव कमी पडतो. पुष्कळदा नळीच बदलावी लागते.

लेपाचे कार्य व मर्यादा

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे बहुवारिकांचे जाळे. प्राग येथील ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव लिम यांनी १९६० मध्ये अशा जेलचा वैद्यकीय उपयोग मांडला. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच विकसित झाली. जाळ्यातील पाण्याचा थर प्रथिनांना पृष्ठभागापर्यंत पोहोचू देत नाही. जीवाणूंना मारणे नव्हे, तर चिकटू न देणे हे या लेपाचे तत्त्व आहे.

तथापि जो गुण, तीच अडचण. पाणी शोषल्यावर जेल फुगते, मऊ होते आणि घर्षणाने सुटू शकते. म्हणून जेलचे जाळे सिलिकोनसारख्या पृष्ठभागाशी रासायनिक बंधांनी जखडणे, किंवा दोन जाळी परस्परांत गुंफून ते कणखर करणे, या दिशेने संशोधन चालू आहे.

खर्च आणि लाभ

महाग लेप लाभदायक असेलच असे नाही. ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चांदीच्या मिश्रधातूचा लेप असलेल्या कॅथेटरच्या गटात लक्षणयुक्त संसर्गाचे प्रमाण १२.५ टक्के, तर तुलनेच्या गटात १२.६ टक्के आढळले. प्रयोगशाळेतील यश रुग्णशय्येपाशी सिद्ध व्हावे लागते, हा याचा धडा होय.

भारताने २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण स्वीकारले. देशी उत्पादनाला चालना देताना खरेदीचा निकषही तपासला पाहिजे. निविदेत केवळ नगाची किंमत पाहिली, तर टिकाऊ लेप नेहमीच महाग ठरेल. योग्य एकक आहे संसर्गमुक्त दिवसामागील खर्च. त्यात प्रतिजैविके, वाढलेला रुग्णालयातील मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचाही हिशेब धरावा लागतो. याच हिशेबाने पाहता, गरज संपताच कॅथेटर काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. लेप त्याला पूरक आहे, पर्याय नव्हे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.