वीज गेली तरी न विसरणारी मेमरी

प्रश्न : लाइट गेली की संगणकावरचं सेव्ह न केलेलं काम जातं. वीज नसतानाही लक्षात ठेवणाऱ्या नव्या चिप कशा चालतात? त्या रॅमची जागा घेतील का?

उत्तर : आजची रॅम, म्हणजे डीरॅम, हा गळका माठ. प्रत्येक बिट एका इवल्याशा कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो पाझरत राहतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणं थांबतं.

नव्या चिप भार साठवण्याऐवजी पदार्थाची अवस्थाच बदलतात. एमरॅममध्ये दोन चुंबकी थरांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा, जेमतेम काही अणूंच्या जाडीचा पडदा असतो. एका थराची चुंबकी दिशा पक्की, दुसऱ्याची बदलता येणारी. दिशा जुळल्या तर विजेला विरोध कमी, उलट असल्या तर जास्त. हाच फरक शून्य किंवा एक म्हणून वाचला जातो. रिरॅममध्ये ऑक्साइडच्या थरात सूक्ष्म वाहक धागा जोडला-तोडला जातो. फेज-चेंज मेमरीत उष्णतेने पदार्थ कधी स्फटिकी, कधी अस्फटिकी होतो; पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीचंही तत्त्व तेच.

यांत मला एमरॅम सर्वांत भरवशाची वाटते : वेगवान, आणि वारंवार लिहिण्याने पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीसारखी लवकर झिजत नाही. पण त्याच किमतीत डीरॅमएवढी क्षमता मिळत नाही. शेवटी किंमतच आडवी येते. इंटेल आणि मायक्रॉननं २०१५ मध्ये गाजावाजा करून जाहीर केलेलं थ्रीडी क्रॉसपॉइंट हे अशाच मेमरीचं तंत्र फ्लॅशहून कितीतरी चपळ होतं, तरी २०२२ मध्ये इंटेलनं त्यावरचा ऑप्टेन व्यवसाय गुंडाळला. तेव्हा तूर्त यूपीएस घ्या आणि ऑटोसेव्ह चालू ठेवा.