जुनी लष्करी रायफल घेण्याआधी

हे बघ, अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा परवाना काढलास, चांगलं केलंस. रायफल घेताना मात्र काकाचं एक ऐक. लष्करातून आली तशीच राहिलेली, करवत न लागलेली जुनी रायफल शिकारीसाठी कापायची नाही. दुसऱ्या कुणी आधीच कापलेली स्वस्तात मिळाली तर तपासून घे. नाहीतर सरळ नवी आण.

आधीच्या पिढीचं गणित वेगळं होतं. महायुद्धांतला उरलेला माल तेव्हा ढिगाने विकायला होता. केनेडींच्या खुनातली इटालियन कारकानो १९६३ मध्ये दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला टपालाने मागवलेली होती, यावरून भाव समज. त्या भावात दस्ता तासायला आणि नळी आखूड करायला कुणाचा हात थरथरेल? आज न कापलेल्या माउझरला संग्राहक चांगले पैसे मोजतात, आणि करवत फिरली की त्यातले बरेचसे गेलेच.

खर्चही ऐक. बऱ्याच जुन्या माउझर ९८ च्या बोल्टचा दांडा आडवा सरळ असतो. उचलला की वर बसवलेल्या दुर्बिणीला आपटतो. मग तो वाकवा किंवा कापून नवा जोडा, तेही बोल्टचं पोलाद तापून मऊ न पडता. मागची सेफ्टी उभी फिरते, तीही दुर्बिणीला अडते. दुर्बीण बसवायला रिसीव्हरला भोकं पाडून आटे पाडायचे. चाप दोन टप्प्यांचा, तोही बहुतेक जण बदलतात. प्रत्येक कामाला गनस्मिथची वेगळी मजुरी. तेवढ्यात सॅव्हेज किंवा रुगरची नवी रायफल येते, दुर्बिणीची भोकं कारखान्यातूनच पाडलेली. तिचा प्लास्टिकचा दस्ता दिसायला भिकार, पण पावसात फुगत नाही. माउझरच्या बोल्टची काडतूस धरणारी ती रुंद पकड मात्र अजून मनात भरते, खोटं कशाला बोलू!

जुनी घेतलीसच, तर आधी क्रमांक वाच. १९०३ची स्प्रिंगफिल्ड असेल आणि क्रमांक स्प्रिंगफिल्ड कारखान्याचा ८,००,००० च्या किंवा रॉक आयलंडचा २,८५,५०७ च्या आतला असेल, तर ती भिंतीवरच टांग. तेव्हाचे कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पाहून अंदाज बांधायचे. काही रिसीव्हर जास्त तापून ठिसूळ झाले आणि फुटले. आठ मिलिमीटरच्या जर्मन रायफलींत जुन्या नळ्या अरुंद, नंतरच्या रुंद. गोळी कुठली चालते ते नळी मोजून घेतल्याशिवाय ठरवू नकोस. आपल्या इशापूरची २ए१ दिसली की देशी म्हणून जीव अडकेल. दिसायला ती .३०३ एनफिल्डसारखीच, पण बनवलीय ७.६२ साठी. शिक्का वाचल्याशिवाय काडतूस भरायचं नाही. कुठलीही जुनी रायफल असो, बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागे किती जागा राहते ते गनस्मिथकडून गेज लावून बघून घे. तिथे चार पैसे वाचवू नकोस.

जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या दारूने नळीत क्षार उरतात आणि ते नळी गंजवतात. नुसत्या तेलाने ते निघत नाहीत. त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धू, कोरडी कर, मग तेल लाव. ही काडतुसं निशाण्याच्या सरावापुरतीच ठेव. पूर्ण धातूच्या कवचाची गोळी आरपार जाते, हरिण लगेच पडत नाही, आणि बऱ्याच राज्यांत शिकारीला ती चालतही नाही. मऊ टोकाची घे.